पाच मिनिटं चालणारा पंखा

सुखराम हटवार कोणाच्याही घरी गेला, की आधी वर पाहतो. घरधनी 'या, बसा' म्हणत असतो, आतून पाणी येत असतं, आणि हा दारातच मान मागे टाकून छताकडे बघत उभा. मग खुर्चीवर टेकता टेकता सांगतो, "बेअरिंग गेलं जी तुमचं." नवीन माणूस असला तर स्वतःच्या गुडघ्याला हात लावतो.

आमच्या भिलाईलगतच्या कुरुदमधल्या गल्लीतले निनावे मास्तर वारले, तेव्हा आम्ही दोघं बसायला गेलो होतो. मी चार शब्द बोलायची जुळवाजुळव करून राहिलो होतो, तर बाजूची जागा रिकामी. सुखराम स्टुलावर चढून पंख्याच्या वाटीत बोट घालत होता आणि खुद्द मास्तरीणबाईंनी स्टूल धरलं होतं. "गेले तेव्हाही असाच कुरकुरत होता मेला," त्या म्हणाल्या. पंखा गप्प झाला, तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

आमची ओळख चाळीस वर्षांची. दोघंही गोंदियाकडचे, दोघंही भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागलो. मी देवराव, टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो, तो मोटारी दुरुस्त करायच्या शॉपमध्ये. जळालेली मोटार उघडायची, आतली करपलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, याला वाइंडिंग म्हणतात. क्रेनच्या मोटारी बैलाएवढ्या असत. सुखराम त्यांच्या पोटात डोकं घालून बसायचा, आणि बाहेर आला की जेवून आल्यासारखा दिसायचा.

रिटायर झाल्यावर त्यानं कुरुदच्या रस्त्यावर पंखे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. पेंटरनं पाटीवर 'हटवार वाइंडिंग वर्क्स' ऐवजी 'हटवार वेडिंग वर्क्स' लिहिलं. पहिल्याच महिन्यात दोन बापलोक मुलींचं लग्न ठरवायला आले. सुखरामनं त्यांना पाणी पाजलं, एकाला बालोदचं स्थळही सुचवलं, आणि पाटी तशीच राहू दिली. ते लग्न जमलं म्हणतात.

गेल्या वर्षी मार्चात पेपरमध्ये पान भरून बातमी आली, की राज्याचं ऊर्जा धोरण सुधारलंय. मी ती पूर्ण वाचली. नवी वीज बनवत राहण्यापेक्षा आहे ती वाचवा, कमी वीज खाणारी यंत्रं वापरा, इमारती, कारखाने, पंप, दिवे, सगळ्याबद्दल त्यात काहीबाही होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीतून आमच्या कुरुदपर्यंत जे पोचलं, ते म्हणजे पंखा. जुना पंखा जमा करा, कमी विजेवर चालणारा नवा पंखा सवलतीत घेऊन जा. सामुदायिक भवनात पंधरा दिवसांचं शिबिर. अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर लिहायला मला बसवलं.

शिबिर चालवायला दुर्गच्या पद्मनाभपुरातली नीरजा टेंबे नावाची इंजिनियर आली. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, स्कूटरवर यायची, पाठीवर बॅग, बॅगेत मीटर. मराठी फक्त घरी बोलायची सवय, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करायची आणि मध्येच हिंदीत उतरायची.

"काकाजी, रूल एकदम सिंपल आहे," पहिल्या दिवशी तिनं मला समजावलं. "जुना पंखा चालू हालतमध्ये पाहिजे. बंद पंखा तर बिजली खातच नाही. मग त्याला तोडून बचत कशाची होणार?"

मला हे पटलं. गावाला पटलं नाही. पहिल्या दिवशी लोकांनी माळ्यावरचे सगळे मेलेले पंखे आणले. एकाला दोनच पाती होती. एकात चिमणीचं घरटं होतं आणि हेमराज नावाचा भाजीवाला ते घरटं कसं सवलतीत धरता येईल हे विचारत होता. नीरजानं एकेक पंखा तारेला लावून पाहिला आणि परत केला. पंधरा दिवसांत चारशे पंखे जमा करायचे होते. पहिल्या दिवशी पाच झाले.

परत केलेले पंखे खांद्यावर घेऊन सगळी मंडळी निघाली ती थेट सुखरामच्या दुकानात.

"जास्त काही नको जी," हेमराज म्हणाला. "टेबलावर लावून पाहते ती मॅडम. पाच मिनिटं चालला पाहिजे फक्त. मग तोडूनच टाकते."

सुखराम पंख्याकडे पाहत होता. "पाच मिनिटं चालणारा पंखा मले बनवता येत नाही."

"अरे पण तोडायचाच आहे ना त्याले."

"तुमी तोडा. मी कावून तोडायचा बनवू?"

आणि त्यानं तो पंखा असा बनवला, की मुलगी सासरी पाठवायची असावी. घरटं अलगद काढून दुकानासमोरच्या कडुनिंबात ठेवलं. सगळी तार नवी, बेअरिंग नवं, वॉर्निश लावून दोन दिवस उन्हात वाळवला, पाती घासली. तिसऱ्या दिवशी हेमराजनं घरी लावून पाहिला. मुळीच आवाज नाही, आणि वारा असा, की भाजीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या उडाल्या. त्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्याच्याकडे. पंखा शिबिरात आलाच नाही.

असं एकाचं झालं नाही. सुखराम जो जो पंखा तोडण्यासाठी दुरुस्त करायचा, तो तो तोडण्याच्या लायकीचा राहायचा नाही. आठवड्याच्या शेवटी माझ्या रजिस्टरमध्ये एकतीस नावं होती. नव्या पंख्यांचे खोके भिंतीला लावून ठेवले होते आणि त्यांच्यावर बसून दोन म्हाताऱ्या दुपारी वाटाणे सोलायच्या, कारण भवनात सावली बरी होती.

"काकाजी, लोकांना झालं काय?" नीरजानं विचारलं. "टोकन घेऊन जातात, परत येतच नाहीत."

मी खरं सांगितलं. ती मीटर घेऊन माझ्याबरोबर दुकानात आली.

सुखराम तेव्हा कॉइल भरत होता. वेढे मोजताना तो कोणाशी बोलत नाही, म्हणून आम्ही चारशे अकरापर्यंत उभे राहिलो. मग त्यानं मान वर केली.

"बस बेटा. काय बिघडलं?"

"माझं शिबिर," नीरजा म्हणाली.

तिनं त्याला सगळं नीट सांगितलं, रागावली नाही. मग म्हणाली, "तुमचा सगळ्यात चांगला पंखा कोणता?" त्यानं दुकानातच टांगलेला, स्वतःच्या डोक्यावरचा दाखवला. तिनं त्याच्या तारेला मीटर लावलं. आकडा आला ब्याऐंशी वॅट. मग बरोबर आणलेला नवा पंखा लावला. अठ्ठावीस. वारा जवळपास तेवढाच.

सुखरामनं मीटरकडे संशयानं पाहिलं. आतून स्वतःचं जुनं मीटर आणलं, पुसलं, आणि दोन्ही पंखे पुन्हा मोजले. थोडा हिशेब केला. पुन्हा तेच आलं. प्लांटमधला माणूस मीटरशी वाद घालत नाही.

"मंग बाकीचे चोपन्न जातात कुठं?" त्यानं विचारलं.

"गरम होण्यात, काकाजी. बरेचसे."

त्यानं पंखा बंद केला, थांबू दिला, आणि त्याच्या पोटावर तळहात ठेवला. चांगलाच गरम होता. "मी समजत होतो, तापला म्हंजे मन लावून काम करून राहिला," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं पुढचे वेढे भरले नाहीत. आम्हाला चहा पाजला आणि स्वतःचा प्यायला विसरला.

दुसऱ्या दिवशी नीरजानं हुशारी केली. तिनं सुखरामलाच शिबिरात बोलावलं. पंखा चालतो की नाही हे त्यानं ठरवायचं. एक लोखंडी चौकट होती, तिला पंखा टांगायचा, चालवायचा, निकाल द्यायचा. दुरुस्ती बंद. लोकांचे नुसते कुरकुरणारे, हळू फिरणारे, पण चालणारे पंखे खूप होते, ते आता येऊ लागले. रांग लागली.

पण रांग हलेना. सुखराम प्रत्येक पंखा अर्धा तास चालवून बघायचा आणि मला रजिस्टरमध्ये शेरा लिहायला लावायचा. 'प्रकृती ठीक. स्वभाव किरकिरा.' 'वय झालं, पण मनानं खंबीर.' 'घरच्यांनी हाल केले.' मी लिहीत होतो, मला तरी दुसरं काम काय होतं. शिवाय तो मालकांशी बोलायचा.

"किती वर्षं झाले याले?"

"बावीस."

"म्हंजे तुमच्या पोराचा पाळणा याच्याच खाली हलला."

"हो."

"मंग द्या. मले काय. द्या."

त्या दिवशी सात माणसं पंखे घेऊन परत गेली. एक बाई तर नवा पंखा परत करून जुना मागायला आली, आणि जुना तोडून झालाय कळल्यावर सुखरामनं तिला रुमाल दिला.

नीरजानं डोक्याला हात लावला. "काकाजी, आजपासून तुम्ही फक्त निकाल द्यायचा. 'चालतो' किंवा 'नाही चालत'. दुसरा एक शब्द पण नाही. हाथ जोडते."

"अन् कोणी राम राम केला तर?"

"मान हलवा."

सुखराम नियम पाळणारा माणूस. सायरन वाजल्याशिवाय त्यानं अख्ख्या नोकरीत कधी डबा उघडला नाही. तो गप्प झाला. रांग भराभर सरकू लागली. 'चालतो', 'चालतो', 'नाही चालत', 'चालतो'. दोन दिवसांत दीडशे पंखे झाले. कोणी जेवलात का विचारलं तरी तो म्हणायचा, "चालतो."

अकराव्या दिवशी दुपारी भवनासमोर ऑटो थांबला. त्यातून साडीत गुंडाळलेलं काहीतरी काढून गयाबाई रांगेत उभी राहिली. गयाबाई म्हणजे सुखरामची बायको. तिनं साडी सोडली. तपकिरी रंगाचा, रुंद पात्यांचा पंखा. मी तो लगेच ओळखला. त्यांच्या झोपायच्या खोलीतला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुखरामनं आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं वाइंडिंग केलेला. फिरताना टुक-टुक असा आवाज करायचा, आणि तो आवाज उद्या काढतो असं सुखराम गेली कित्येक वर्षं म्हणत होता. दुसऱ्यांचे पंखे आधी.

सुखराम तिच्याकडे पाहत राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नीरजाकडे पाहून बंद केलं.

"नाव?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"तुमाले माहीत नाही का, भाऊजी? गयाबाई सुखराम हटवार."

"पंखा कोणाचा?"

"माया नवऱ्याचा. असून नसल्यासारखा आहे."

"कोण, पंखा?"

"लिवा तुमी, काय लिवायचं ते."

मी 'पंखा' लिहिलं. सुखरामनं पंखा चौकटीला टांगला. त्याचे हात जरा जास्तच वेळ लावत होते. बटन दाबलं. पंखा फिरू लागला. टुक. टुक. टुक. अख्खी रांग पुढे सरकून ऐकायला लागली.

"हे ऐका बाई," गयाबाई नीरजाला म्हणाली. "हेच मी अडतीस साल ऐकून राहिली. मी म्हटलं, जी, आवाज काढा. म्हणते, उद्या काढतो. पोरगा झाला, उद्या. पोरगी झाली, उद्या. पोरीचं लग्न झालं, पाहुणे म्हणाले, घरात घोडा बांधला का. तवाही उद्या. साऱ्या गावाचे पंखे गप केले या माणसानं, मास्तर गेले तर तिथंबी स्टुलावर चढला. मी जिती आहे, तर माया पंख्याले हात नाही."

सुखराम म्हणाला, "चालतो."

"पाहा. घरीबी असंच बोलते."

"चालतो," तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी आवाज बदलला होता, आणि हात जोडल्यासारखे झाले होते.

"काकाजी, बोला तुम्ही," नीरजा म्हणाली. "रूल सध्या बाजूला."

पण त्याला रूल बाजूला ठेवता येईना. पेच माझ्या लक्षात आला. 'नाही चालत' म्हटलं, तर पंखा घरी परत जाणार होता. पण मग आपण पहिलं केलेलं वाइंडिंग फेल गेलं, असं सगळ्या कुरुदसमोर रजिस्टरमध्ये लिहून द्यावं लागणार होतं. त्यानं पंख्याकडे पाहिलं. टुक-टुक चालली होती, पण फिरण्यात जरासुद्धा लचक नव्हती. अडतीस वर्षं एकही वेढा जळला नव्हता.

"चालतो," सुखराम म्हणाला. अगदी स्पष्ट.

मी लिहिलं.

पास झालेला पंखा तिथंच निकामी करायचा असे. पाती वाकवायची आणि आतली तार कापायची, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या छताला लागू नये. हे काम एक मजूर करायचा. सुखरामनं त्याच्या हातातून पक्कड घेतली. "मीच भरली होती," तो म्हणाला. तीन दिवसांतल्या नियमाबाहेरच्या या पहिल्या शब्दांवर नीरजा काही बोलली नाही.

त्यानं खालचं झाकण उघडलं. झाकणाला तीन स्क्रूंची तीन भोकं होती. स्क्रू दोन. तिसरं भोक साफ कोरं, त्यात कधी स्क्रू गेलाच नव्हता. त्यामुळे झाकण हलत होतं, आणि प्रत्येक फेऱ्याला टुक.

तो झाकण हातात धरून बसून राहिला. माझ्या टेबलाच्या खणात असले स्क्रू मूठभर होते. गयाबाईनं पुढं वाकून पाहिलं.

"काय निघालं?"

"स्क्रू नाही लावला एक."

"कोणी?"

"मीच."

तिनं त्या रिकाम्या भोकात बोट घालून पाहिलं. मग इतकी हसली, की तिला खोक्यावर बसावं लागलं, आणि म्हाताऱ्यांनी वाटाणे बाजूला घेऊन तिला जागा दिली. रांग हसली, नीरजा हसली. सुखरामला हसायला थोडा वेळ लागला. हसून झाल्यावर त्यानं तार कापली. घाईनं नाही, एकेक कॉइल, जशी भरली असेल त्याच क्रमानं. तांबं अजून लालसर चमकत होतं. मी शेऱ्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाला, "काही नको. नाव लिवलं ना, बस."

नवा पंखा त्यानं स्वतः लावला. स्क्रू मोजून. रिमोट गयाबाईच्या उशाशी गेला आणि आता वारा किती घ्यायचा हे तीच ठरवते. बिल कमी आलं हे ती शेजारी सांगते, शेजारी मला सांगतात. शिबिर चारशे बारावर संपलं. शेवटच्या दिवशी हेमराजही त्याचा सुंदर पंखा घेऊन आला. सुखरामनं निकाल दिला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं हेमराज सांगतो. मी जवळ बसलो होतो, पाणी नव्हतं, वॉर्निशचा वास होता.

पावसाळ्यात विजा कडाडल्या तेव्हा काही नव्या पंख्यांच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्या उडाल्या आणि ते दुकानात आले. सुखरामनं उघडून पाहिलं. कान लावला. ते काहीच बोलेनात. मग तो दुर्गला आयटीआयमध्ये तीन आठवड्यांच्या वर्गाला जाऊन बसला, वय अडुसष्ट, बाकी सगळे विशीतले. परत आला तेव्हा जवळ भिंग आणि सोल्डरिंगची बारीक टोकाची कैया होती, आणि तो पट्ट्या दुरुस्त करायला लागला. अजून एखादी बिघडवतो. बिघडवली की शिकवणाऱ्या सरांना फोन करून त्यांच्यावर रागावतो.

नीरजाची बदली राजनांदगावला झाली. या उन्हाळ्यात तिचा फोन आला. मी दुकानातच होतो, म्हणून ऐकलं.

"काकाजी, इथं पण तुमच्यासारखं कोणी तरी आहे. पंखे दुरुस्त करून देतंय आणि माझा कॅम्प रिकामा पडलाय. गीतांजलीबाई नाव आहे. मिस्टर गेल्यापासून दुकान त्याच चालवतात. तुम्ही येऊन समजावता का?"

सुखराम दुसऱ्याच दिवशी निघाला. त्याला एकट्याला पाठवण्यात अर्थ नाही असं म्हणून गयाबाईही निघाली. चार दिवसांनी दोघं परत आली. मी विचारलं, काय झालं.

"काय वाइंडिंग करते ती बाई," सुखराम म्हणाला. "वेढ्यावर वेढा असा बसला आहे, की मधातून मुंगी जाणार नाही. मी तिले माया हातानं भरलेली एक कॉइल दाखवली. तिनं एक चूक काढली. खरीच होती."

"ते ठीक. समजावलं का तिला?"

"कायचं?"

त्यानं चारही दिवस गीतांजलीबाईंच्या दुकानात बसून तीन पंखे दुरुस्त केले होते. मी नीरजाला फोन लावला, म्हटलं, पोरी, माफ कर. ती म्हणाली, कशासाठी, कॅम्प तर भरून वाहतोय. गयाबाई पहिल्या दिवशी सकाळी तिच्याकडून मीटर मागून घेऊन बाहेर पडली होती. घरोघरी जायची, आधी वर पाहायची, मग पंख्याच्या तारेला मीटर लावायची, आणि घरच्या बाईला आकडा वाचायला लावायची. नंतर दारात उभं राहून तिला विचारायची, की हा आवाज काढतो म्हणून तुझ्या नवऱ्यानं किती वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

मीटर तिनं अजून परत केलेलं नाही.